चालू टीव्ही आणि अर्धवट राहणारं बोलणं: घरासाठी एका महिन्याची पद्धत

संध्याकाळी साडेसातला एखाद्या वन रूम किचनच्या घरात डोकावलं, तर हॉलमध्ये टीव्ही, समोर सोफा, सोफ्यावर आजोबा आणि खाली वही उघडून बसलेला नातू दिसतो. स्वयंपाकघराच्या दारातून टीव्हीचा जेमतेम अर्धा पडदा दिसतो. त्यामुळे पोळ्या लाटणारी बाई मालिका बघत नाही, नुसती ऐकते, आणि कुकरच्या शिट्टीतून ऐकू यावी म्हणून आवाज वाढवून ठेवलेला असतो. नातू काहीतरी विचारतो. आजोबा पडद्यावरची नजर न काढता "हं" म्हणतात. तो पुन्हा विचारत नाही.

या घरात कुणाचं कुणाशी वाकडं नाही. तरी दिवसभरात असे कितीतरी प्रश्न "हं"वर संपतात आणि काही महिन्यांनी "हल्ली हा काही सांगतच नाही" अशी तक्रार सुरू होते. हा लेख त्या "हं"वरच्या उपायाचा आहे. टीव्ही विका, केबल काढा असं इथे कुठेही सांगितलेलं नाही. तसं केलं की घरातल्या कुणाची तरी हक्काची करमणूक हिसकावली जाते आणि गप्पांऐवजी धुसफूस वाढते.

बघणं वेगळं, चालू असणं वेगळं

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हा कार्यक्रम संध्याकाळचे काही तासच असायचे. चाळीत एखाद्याकडे टीव्ही, सगळे तिथे जमायचे, कार्यक्रम संपला की संच बंद व्हायचा आणि माणसं बोलत बोलत घरी जायची. चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या आणि "संपणं" हीच गोष्ट गेली. आता टीव्ही लावावा लागत नाही, तो चालूच असतो.

नुकसान मुख्यतः या चालू असण्याने होतं. अमेरिकेत दिमित्री क्रिस्टाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन महिने ते चार वर्षं वयाच्या ३२९ मुलांच्या अंगावर आवाज टिपणारं छोटं यंत्र लावून दिवसभराचं बोलणं नोंदवलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सरासरी ७७०नी कमी होतात. मूल स्वतःही कमी आवाज काढतं, आणि एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं ही देवाणघेवाणही घटते. मुलं टीव्हीकडे बघत होती की नव्हती, हा इथे प्रश्नच नाही. घरातली मोठी माणसं बोलायची थांबतात, हे खरं कारण.

म्हणून पहिला नियम घरात सगळ्यांना समजेल असा सांगा: ज्याला बघायचं आहे त्याने खुशाल बघावं, पण कुणीच बघत नसेल तर टीव्ही बंद. या एका नियमावर वाद होत नाही, कारण कुणाचंच काही जात नाही.

पहिला आठवडा: फक्त नोंद

काहीही बदलायच्या आधी सात दिवस नोंद ठेवा. मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं करून टीव्हीशेजारी चिकटवा आणि बाजूला पेन बांधून ठेवा. पेन बांधलेलं नसेल तर तिसऱ्या दिवशी नोंद बंद पडते. पाच रकाने पुरेत: कधी लावला, कधी बंद केला, कुणी लावला, खरोखर कोण बघत होतं, आणि त्या वेळात कुणाचं कुठलं बोलणं तुटलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात "निनादने सहलीचे पैसे मागितले, लक्ष नव्हतं", "आईचा फोन, नंतर करते म्हटलं, राहिला" अशा एका ओळीच्या नोंदी लिहा.

आठव्या दिवशी कागद सगळ्यांनी मिळून वाचा. "खरोखर कोण बघत होतं" या रकान्यात "कुणी नाही" किती वेळा आलंय ते मोजा. पहिला नियम आधी याच तासांना लावायचा. कागद वाचताना कुणाकडे बोट दाखवू नका. नोंद पुरावा म्हणून वापरली की पुढची नोंद खोटी होते.

दीड तास कुठला निवडायचा

पुढची पायरी म्हणजे संध्याकाळचा ठरलेला दीड तास टीव्ही सगळ्यांसाठी बंद. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे गाव या बाबतीत सगळ्यांनी बघण्यासारखं आहे. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. टाळेबंदीनंतर मुलं मोबाइल आणि टीव्हीला चिकटली, शाळा उघडल्यावरही सुटेनात. ऑगस्ट २०२२मध्ये ग्रामपंचायतीने ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतील आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की सुरू करायला हरकत नाही. सुरुवातीला पुरुषांनी हे हसण्यावारी नेलं. मग बायकांची बैठक बोलावली. आपल्यालाही मालिकांची सवय जडली आहे हे त्यांनी मान्य केलं आणि सगळ्या गावाने मिळून बंद ठेवायला होकार दिला. पुढे अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षकांनी घरोघरी जाऊन समजावलं.

यातल्या तीन गोष्टी घरी जशाच्या तशा लागू पडतात. एक, बंद करायचा इशारा कुणा माणसाकडे नसतो, भोंग्याकडे असतो. घरात आईने "आता बंद करा" म्हटलं की आईशी भांडण होतं. म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा किंवा स्वयंपाकघरातल्या एखाद्या टायमरचा गजर लावा. मोबाइलचा गजर नको, तो बंद करायला मोबाइल हातात घ्यावा लागतो आणि मग तो हातातच राहतो. दुसरी गोष्ट, नियम सगळ्यांना असतो. मुलांना बंद आणि बाबांना बातम्या, असं असेल तर पहिल्या दिवसापासून तो मोडणार. तिसरी, शेवट ठरलेला असतो. साडेआठला सुरू होणार हे माहीत असलं की साडेसातला कुणी चिडत नाही.

सात ते साडेआठ ही वेळ शेतकरी गावाला जमते. पुण्या-मुंबईत आठला घरी पोचणाऱ्यांना ती निरुपयोगी आहे. घरातली जास्तीत जास्त माणसं जागी, घरात आणि फार दमलेली नसतात असा वेळ शोधा. नोकरदार घरांत बहुधा साडेआठ ते दहा बसतो. दीड तास जड जात असेल तर पंचेचाळीस मिनिटांनी सुरुवात करा आणि दीड तास होईपर्यंत दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. आठवड्यातून पाच दिवस पुरेत. क्रिकेटचा महत्त्वाचा सामना असेल त्या दिवशी सुट्टी, पण ती आदल्या दिवशी जाहीर करायची.

मालिकेची वेळ हलवायची, मालिका तोडायची नाही

निवडलेल्या वेळात सासूबाईंची मालिका येत असेल तर तिथे ती तोडायची घाई होते आणि सगळं फिसकटतं. ज्या बाईने दिवसभर घर ओढलं, तिच्यासाठी तो अर्धा तास विश्रांतीचा असतो. तिला विचारून पर्याय ठरवा.

बहुतेक मालिकांचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात, बऱ्याचदा दुपारी. त्या वेळा आठवडाभर बघून टीव्हीखाली लिहून ठेवा. वाहिनीच्या अ‍ॅपवर भाग मागाहून मिळतो. काही सेट टॉप बॉक्सना मागे पेन ड्राइव्ह लावून भाग नोंदवता येतो. ही सोय सुरू आहे का ते केबलवाल्याला विचारावं लागतं, आणि नोंदवलेला भाग बहुधा त्याच बॉक्सवर चालतो, दुसरीकडे चालत नाही. मालिका थेटच बघायची असेल तर ती निवांत, समोर बसून बघू द्या. म्हणजे त्या अर्ध्या तासात पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटायच्या, किंवा कणीक आणि भाजी सातच्या आत उरकून ठेवायची. आवाज वाढवण्याचं मूळ कारण हेच असतं: घरात टीव्ही बघण्याच्या वेळेला एकच माणूस कामात असतो. कामं वाटली की आवाज आपोआप खाली येतो.

सोफा, आवाज आणि बटण

खोलीची मांडणी बोलण्याला जागा देते किंवा देत नाही. सगळ्या खुर्च्या पडद्याकडे तोंड करून असतील तर टीव्ही बंद असतानाही माणसं काळ्या पडद्याकडे बघत बसतात. मोठा सोफा हलत नसेल तर एक खुर्ची किंवा दिवाण त्याच्याशी काटकोनात आणा. समोरासमोर बसण्यापेक्षा काटकोनातलं बसणं बरं. वयात आलेली मुलं डोळ्याला डोळा भिडवायच्या सक्तीने गप्प होतात, बाजूला बसून मात्र बोलतात. जागा अगदीच कमी असेल तर सोफ्यापुढे सतरंजी टाका आणि टीव्हीकडे पाठ करून बसा.

आवाजाची पातळी आकड्यावरून ठरवू नका, प्रत्येक संचाचा आकडा वेगळा असतो. दोन माणसं तीन फुटांवर बसवा, नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा आणि त्यांना आवाज चढवावा लागणार नाही इथपर्यंत टीव्ही खाली आणा. तो आकडा कागदाच्या पट्टीवर लिहून रिमोटच्या पाठीवर चिकटवा.

घरात वयस्क माणूस असेल तर हे इतकं सोपं राहत नाही. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, त्यामुळे शब्दातली "स", "फ", "त" ही अक्षरं धूसर होतात. आवाज वाढवला की पार्श्वसंगीतही वाढतं आणि शब्द तसेच अस्पष्ट राहतात. म्हणून आधी कान तपासून घ्या, कित्येकदा नुसता मळ साचलेला असतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असेल तर तो निवडा. ब्लूटूथ हेडफोन लावायचा असेल तर दोन अडचणी येतात: काही संचांत हेडफोन जोडला की बाकीच्यांचा आवाज बंद होतो, आणि काहींत ओठ आधी हलतात, आवाज मागाहून येतो. दोन्हीसाठी सेटिंग असू शकतं, पण विकत घ्यायच्या आधी दुकानात किंवा शेजाऱ्याचा हेडफोन लावून बघा. आजोबा बोलत नाहीत अशी तक्रार असलेल्या घरात आधी कानाची शंका घ्या, स्वभावाची नंतर.

टीव्ही बंद करताना रिमोटने नको, भिंतीवरच्या बटणाने करा. रिमोटने बंद केलेला संच एका बोटात सुरू होतो, आणि बॉक्स चालू असेल तर थेट मालिकेच्या मध्यात उघडतो. मुख्य बटण बंद असलं की बॉक्स सुरू व्हायला वेळ लागतो. सवयीने हात गेलेल्या माणसाला तेवढा वेळ विचार बदलायला पुरतो. रात्री टीव्ही लावून झोपण्याची सवय असेल तर सेटिंगमध्ये स्लीप टायमर शोधा आणि तीस मिनिटांवर ठेवा.

बंद केल्यावरची शांतता

सगळ्यात जास्त घरं इथे हरतात. पहिल्या दिवशी सगळे उत्साहाने बसतात. दुसऱ्या दिवशी विषय संपतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोलीत अवघड शांतता पसरते आणि कुणीतरी म्हणतं, "लावा रे, त्यापेक्षा बरं." ही शांतता अपयशाची नाही. इतकी वर्षं मधली जागा टीव्ही भरत होता, ती आता उघडी पडलीय इतकंच. दहा दिवस ती सोसावी लागते.

नुसतं "बसून बोलू या" म्हणून बोलणं सुचत नाही. हाताला काम द्या. गवार मोडायला, मेथी निवडायला, वाटाणे सोलायला किंवा लसूण सोलायला परात मध्ये ठेवली की चार माणसं आपसूक गोल बसतात. परातभर वाटाणे चार जणांना बराच वेळ पुरतात. नजर परातीत असते, हात चालू असतात आणि जे समोर बसून निघालं नसतं ते शेंगा सोलताना निघतं. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं, शाळेच्या वह्यांना कव्हर घालणं, पत्ते, कॅरम, सगळं चालेल. मुलांना यात वेगळं काही "शिकवायला" जाऊ नका. परात आली की उपदेश सुरू होतो असं कळलं तर मुलं परातीपासून पळतील.

प्रश्न बारीक विचारा. "शाळा कशी होती?" याचं उत्तर "बरी" असंच येणार. त्याऐवजी "आज डब्यातलं काय उरलं?", "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतास?", "ऑफिसातून येताना गाडीला बसायला जागा मिळाली का?" अशा प्रश्नांची उत्तरं देता येतात, आणि एका उत्तरातून दुसरं निघतं. उत्तर आलं की लगेच सल्ला देऊ नका. आणखी एक प्रश्न विचारा, मग थांबा.

नवरा-बायकोसाठी थोडं वेगळं लागतं. दोघं एका सोफ्यावर बसून तीन तास टीव्ही बघतात आणि "आम्ही रोज एकत्रच असतो" म्हणतात, पण पैशांचं, आई-वडिलांच्या आजारपणाचं, मुलांच्या फीचं बोलणं जाहिरातीत उरकतं किंवा लांबतं. असल्या बोलण्यासाठी दीड तासातली शेवटची वीस मिनिटं मुलांविना राखून ठेवा, आठवड्यातून दोनदा तरी. भांडण पेटलेलं असताना टीव्ही लावून ते झाकायची सवय असेल तर ती आधी ओळखा. आवाज मोठा करणं हे त्या घरात बोलणं थांबवण्याचं हत्यार झालेलं असतं.

टीव्ही चालू असतानाचं बोलणं

एकत्र बघणं हे वाया जात नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ दरम्यान बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथल्या गावांत केबल आल्यावर काय बदललं ते तपासलं. बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं, मुलगाच हवा ही ओढही कमी झाली, आणि स्वतःचे निर्णय घेण्याची मोकळीक वाढली. मालिकेतल्या सुनेबद्दल बोलताना खऱ्या सुनेला खूप काही सांगता येतं, जे सरळ सांगायची तिची हिंमत नसते. भाग संपल्यावर टीव्ही बंद करून एकच प्रश्न विचारा: "तिच्या जागी तू असतीस तर?" पुढचं बोलणं घर स्वतःच करतं.

जाहिरातीचा वेळही वापरा. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेत पाच-सहा मिनिटं सहज निघतात. जाहिरात लागली की आवाज पूर्ण बंद करायचा, हे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्या. ते ते काटेकोरपणे करतं.

बातम्यांच्या वादविवादांबाबत मत स्पष्ट आहे: जेवताना ते नकोत. चार माणसं एकाच वेळी ओरडत असतात आणि तोच सूर ताटापर्यंत उतरतो. आजोबांना बातम्या हव्याच असतील तर ठराविक बातमीपत्र लावा, ते अर्ध्या तासात संपतं.

लहान मुलं आणि जेवण

दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल सोडून. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२१च्या सूचना हेच सांगतात. कार्टून लावून घास भरवण्याची सवय लागलेली असेल तर ती एका दिवसात मोडू नका. पहिले तीन दिवस अर्धं जेवण टीव्हीविना, मग पाऊण, मग पूर्ण. त्या काळात मूल कमी जेवेल. आजी घाबरेल आणि टीव्ही लावेल. म्हणून आजीला आधी विश्वासात घ्या आणि दोन-चार घास कमी गेले तरी भूक लागली की ते मागेल, हे दोघींनी मिळून ठरवा. मूल वजनाला कमी असेल किंवा आजारातून उठलं असेल तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच.

बिघडतं कुठे

टीव्ही बंद झाला आणि चौघांच्या हातात चार मोबाइल आले, हा सर्वांत नेहमीचा प्रकार. टीव्ही निदान सगळ्यांना एक विषय देतो, मोबाइल तोही देत नाही. दाराजवळ एक टोपली ठेवा, गजर झाला की सगळे फोन त्यात, रिंग चालू ठेवून. कामावरून तातडीचा फोन येऊ शकणाऱ्याने फोन वाजला की उठून दारात जाऊन बोलावं.

दुसरं, टीव्हीला शिक्षा किंवा बक्षीस करणं. "अभ्यास केलास तर कार्टून" म्हटलं की टीव्हीचा भाव वाढतो आणि गप्पांचा वेळ शिक्षेचा वाटायला लागतो. तिसरं, दहावी-बारावीच्या वर्षी वर्षभर टीव्ही बंद करून टाकणं. त्यात आजी-आजोबा आपल्याच घरात पाहुणे होतात. अभ्यासाचे तास राखा, बाकीचं तसंच ठेवा.

एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांचं

यांच्या घरात वरचे बरेच नियम उलटे लागतात. एकट्या माणसासाठी टीव्ही हा घरातला दुसरा आवाज असतो, तो हिसकावू नका. इथे सांभाळायचा तो फोन. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवार-रविवारी सकाळी साडेदहाला मुलगा फोन करतो तेव्हा उन्हाळ्यात इथे रात्रीचे आठ वाजलेले असतात, हिवाळ्यात नऊ, म्हणजे नेमकी मालिकेची वेळ. आई फोन उचलते, आवाज कमी करते, पण डोळा पडद्यावर असतो. मुलाला वाटतं आईला बोलायचं नाही, आईला वाटतं हा नेहमी घाईत असतो. फोन तासभर आधी सरकवा: तिकडे साडेनऊ, इथे उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात आठ. हिवाळ्यात आठलाही मालिका असेल तर तिकडे साडेआठला करा. वार आणि इथली वेळ आईच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात आधी कळवा. आणि फोन सुरू झाला की पहिल्यांदा विचारा, "टीव्ही बंद केलास का, की मी दहा मिनिटांनी करू?"